निष्कलंक त्वचेचा बाजार

चळवळीतील पुष्कळ कार्यकर्त्यांची अशी धारणा असते की मासिकाच्या मुखपृष्ठावरील तरुणीची त्वचा इतकी गुळगुळीत का दिसते हा प्रश्न फार तर स्त्रियांच्या पुरवणीत चर्चिण्याजोगा आहे. महागाई, बेरोजगारी, धरणग्रस्तांचे पुनर्वसन, कंत्राटी कामगारांची ससेहोलपट हे प्रश्न आ वासून उभे असताना कोणा मॉडेलच्या गालावरची मुरमे कोणी पुसली याची उठाठेव कशाला, असे ते विचारतात. आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. परंतु ज्या घरातील मुलगी औषधाच्या दुकानातून स्वस्तातले मलम आणून रोज तोंडाला चोळते आणि वर्षभरात भाजल्यासारखा लालबुंद चेहरा घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी राहते, ते घर बहुधा ह्याच कार्यकर्त्यांच्या वस्तीत असते. तिला ते मलम आणावयास कोणी लावले, याचा माग काढीत गेल्यास वाट त्या मुखपृष्ठापाशीच पोहोचते.

गुळगुळीत त्वचा ही निसर्गाची देणगी नव्हे. ती कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे, आणि तिच्या उत्पादनाचा इतिहास छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फस्टेंगल ह्या छायाचित्रकाराने एकाच व्यक्तीची दोन छायाचित्रे मांडली होती : एक जसे निघाले तसे, दुसरे निगेटिव्हवर हात फिरवून सुधारलेले. लोकांनी दुसऱ्यापुढे गर्दी केली. त्यानंतर रिटचिंग हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे होते. म्हणून चेहऱ्यावरचा डाग तेथे पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो. निगेटिव्हवर राळेचा पातळ लेप द्यायचा, उतरत्या मेजावर ती उजेडासमोर धरायची आणि टोकदार पेन्सिलीने तो ठिपका अलगद भरायचा; मग छापताना तेथून प्रकाश कमी जातो आणि कागदावर डाग उरत नाही. सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, देवीचे व्रण ह्या सर्वांवर उपाय हाच. तालुक्याच्या गावातील स्टुडिओतही, स्थळे पाहण्यासाठी काढलेल्या मुलीच्या फोटोवर असा हात फिरवणारा कारागीर असे. त्याची नजर कमजोर होई, पाठ वाके, आणि त्याचे नाव फोटोच्या मागच्या शिक्क्यातही नसे.

ह्या घरगुती लबाडीला उद्योगाचे रूप दिले ते हॉलिवूडने. १९३१ साली 'लाफिंग सिनर्स' ह्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जॉर्ज हरेल ह्या छायाचित्रकाराने जोन क्रॉफर्ड ह्या नटीचे एक छायाचित्र काढले. त्याच्या रिटचिंगपूर्वीच्या व नंतरच्या दोन्ही प्रती आज उपलब्ध आहेत. पहिल्या प्रतीत चेहराभर ठिपके आहेत, डोळ्यांभोवती बारीक रेषा आहेत. एक तरतरीत, जिवंत स्त्री समोर दिसते. दुसऱ्या प्रतीत संगमरवर आहे. जेम्स शार्प ह्या रिटचरला त्यासाठी सहा तास खपावे लागले. पहिली प्रत स्टुडिओच्या कपाटात बंद झाली आणि दुसरी जगभर गेली. क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर ठिपके आहेत हे मुंबईच्या वा कोल्हापूरच्या प्रेक्षकाला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

तेवढ्यावर थांबले असते तर त्याला नाटकातल्या रंगभूषेचा भाऊ म्हणून सोडूनही देता आले असते. पण संगमरवरी चेहरा हाती येताच साबणवाल्याने त्याचा हात धरला. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी मराठी होती : लीला चिटणीस, साल १९४१. साबण नटीच्या कांतीची हमी देत होता आणि नटीचे छायाचित्र साबणाची. छायाचित्रात कांती कोठून आली, हे मात्र दोघांपैकी कोणीच सांगत नव्हते. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर रेखाटलेल्या स्त्रियांची त्वचाही नितळच होती; पण ते चित्र होते आणि चित्र म्हणूनच ते समोर येई. त्या स्त्रियांसारखी कांती अमुक वडीने मिळेल असा पुरावा म्हणून कोणी ते न्यायालयात मांडले नसते. छायाचित्राची सारी प्रतिष्ठा ते साक्षीदार आहे ह्या विश्वासावर उभी आहे. जाहिरातदार विकत घेतो तो हा विश्वास, आणि साक्षीदाराला पढवून ठेवतो तो रिटचर.

पूर्वीची पढवलेली साक्ष निदान उलटतपासणीत सापडे. पेन्सिलीने वा एअरब्रशने घोटलेला चेहरा मेणाचा दिसे. चाणाक्ष माणूस हसून पान उलटी. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले, २००२ साली त्यात डाग भरून काढणारा 'हीलिंग ब्रश' दाखल झाला आणि ही सोयही संपली. आता छायाचित्राचे दोन थर वेगळे काढतात. एका थरात रंग व छायाप्रकाश, दुसऱ्यात त्वचेचा पोत, म्हणजे रंध्रे, लव आणि सूक्ष्म रेषा. पहिल्या थरातील सारे चढउतार, लाली, डाग, सुजवट एकसारखी करून टाकायची आणि दुसरा थर पुन्हा वर बसवायचा. जेथे पोतच बिघडलेला असेल तेथे त्याच चेहऱ्याच्या चांगल्या भागातून उसना आणून चिकटवायचा. परिणामी रंध्रे दिसतात, लव दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे काही लपवलेले नाही. खोट्या नोटेत जलचिन्हही हुबेहूब उमटवावे असा हा प्रकार आहे. तारुण्यपीटिकांनी भरलेल्या चेहऱ्याचा शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखा तुकतुकीत चेहरा होतो आणि खाडाखोडीची खूण राहत नाही.

हा उद्योग किती सर्वव्यापी आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. पास्काल दांजँ हा न्यूयॉर्कमधील नामांकित रिटचर. २००८ सालच्या मार्च महिन्याच्या अमेरिकन 'व्होग'मधील १४४ प्रतिमांवर ह्या एका माणसाच्या स्टुडिओने हात फिरवला होता : १०७ जाहिराती, ३६ फॅशनची छायाचित्रे आणि मुखपृष्ठ. म्हणजे जाहिरात आणि संपादकीय मजकूर एकाच घाण्यातून निघत होता. वाचकाला वाटते की जाहिरातीत दिसणारी त्वचा शेजारच्या पानावरील 'खऱ्या' छायाचित्रातही दिसते, तेव्हा ती कोठेतरी असणारच. दांजँसारख्या उस्तादांना पैसा आणि कीर्ती मिळाली. त्यांच्या खाली मात्र ढाक्यापासून भारतातील शहरांपर्यंत पसरलेला, चित्रामागे दर ठरवून रात्रपाळीत पडद्याकडे डोळे लावून बसणारा तरुणांचा एक अनाम वर्ग आहे. युरोप-अमेरिकेतील विक्रेत्यांची छायाचित्रे तो धुऊनपुसून देतो. त्याची संघटना नाही, त्याच्या डोळ्यांची आणि मानेची विचारपूस करणारा कोणी नाही.

येथे उदारमतवादी मित्र आपला ठेवणीतला युक्तिवाद पुढे करतात. ते म्हणतात, ही छायाचित्रे सुधारलेली असतात हे आता शेंबडे पोरही जाणते. जाणत्या ग्राहकाची फसवणूक होतच नाही. मग ज्या गोष्टीने कोणी फसत नाही तिच्यावर कंपन्या इतका पैसा का ओततात? व्यापारी धर्मादाय म्हणून छदामही खर्च करीत नाही. 'सुधारलेले असते' हे जाणणे वेगळे आणि 'किती, कोठे, कसे' हे जाणणे वेगळे. हे दुसरे ज्ञान कायद्याच्या कुलपात ठेवलेले असते. २०११ साली ब्रिटनमध्ये लोरेआल कंपनीच्या दोन जाहिरातींविरुद्ध जो स्विन्सन ह्या खासदारबाईंनी तक्रार केली. एकीत ज्यूलिया रॉबर्ट्स होती, दुसरीत क्रिस्टी टर्लिंग्टन. दोन्ही जाहिराती चेहऱ्याला लावायच्या प्रसाधनांच्या. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने मूळ छायाचित्र मागितले, तेव्हा रॉबर्ट्सचे न सुधारलेले छायाचित्र दाखवण्यास कराराने मनाई आहे असे उत्तर मिळाले. प्रसाधनाचा परिणाम खरा की संगणकाचा, हे कंपनीला सिद्ध करता आले नाही आणि दोन्ही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. शेंबड्या पोराला जे ठाऊक आहे म्हणतात, ते देखरेख करणाऱ्या संस्थेलाही पाहता आले नाही. माणसाचा खरा चेहरा हे व्यापारी गुपित ठरले.

भांडवलदारांतही शहाणे असतात, आणि लोकांना लबाडीचा वास लागला की तो वासही बाटलीत भरून विकण्याची हातोटी त्यांना साधलेली असते. युनिलिव्हरच्या डव्ह साबणाने २००४ पासून 'खऱ्या सौंदर्या'ची मोहीम चालवली. एक साधा चेहरा रंगभूषा आणि संगणक यांच्या साहाय्याने जाहिरात फलकावरची मूर्ती कसा बनतो, हे दाखवणारा तिचा लघुपट २००६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात त्याने सर्वोच्च पारितोषिक मिळवले. लघुपट उत्तम आहे, शाळाशाळांतून दाखवावा असा आहे. फक्त त्याच वर्षी त्याच युनिलिव्हरची भारतातील कंपनी, १९७५ सालापासून विकत आलेली 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाची क्रीम, गावोगावच्या किराणा दुकानांतून विकत होती. पश्चिमेत 'तुम्ही आहात तशाच सुंदर आहात' आणि पूर्वेत 'ही नळी लावा म्हणजे नोकरी मिळेल, नवरा मिळेल'. २०२० साली अमेरिकेत वर्णविद्वेषाविरुद्ध रस्ते पेटल्यावर ह्या क्रीमच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. नळी दुकानाच्या त्याच फळीवर राहिली.

आपल्याकडे गुळगुळीत त्वचेचा प्रश्न एकटा येत नाही, तो गोरेपणाचे बोट धरून येतो. मासिकातील छायाचित्र घोटताना डाग जातात आणि त्यांच्यासोबत वर्णही एकदोन छटांनी उजळतो. वधू पाहिजेच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द शिक्षणाच्याही आधी येणाऱ्या समाजात ह्याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. शिवाय त्वचेवरच्या ह्या खुणा येतात कोठून? उन्हातून, चुलीच्या धुरातून, सिमेंटमधून, बाळंतपणातून, अपुऱ्या अन्नातून आणि वाढत्या वयातून. ऊसतोडणी करणाऱ्या बाईच्या हातातोंडावर पाचटाचे ओरखडे असतात; ज्याला ऊन लागत नाही त्याच्या चेहऱ्यावर उन्हाची खूण नसते. निष्कलंक त्वचेचा आदर्श म्हणजे श्रमाची आणि आयुष्याची प्रत्येक खूण पुसून काढलेला चेहरा. बहुसंख्य श्रमिक स्त्रियांना त्यांच्या जगण्याचा पुरावाच व्यंग म्हणून दाखवला जातो, आणि मग त्या व्यंगावरचा इलाज त्यांना विकला जातो.

हा इलाज काय करतो ते पाहावे. चेहरा उजळ व गुळगुळीत करण्याच्या नावाखाली खपणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा खरोखरच नितळ दिसतो, जाहिरातीतल्यासारखा. नंतर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे आणि लव वाढते. आणि मलम थांबवावे तर आग होते, म्हणून ते थांबवताही येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे ओरड केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. मनाई कागदावर आहे. दुकानदार चिठ्ठी मागतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या नाक्यावर जाऊन पाहावे. याहून भयंकर म्हणजे पाऱ्याची मलमे. अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुली यांना अशाच एका मलमापायी मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात मलमातील पारा उघडकीस आला, ही बातमी २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून आली होती. सौंदर्याच्या चर्चेला चैन म्हणणाऱ्यांनी ह्या तिघींच्या औषधपाण्याचा खर्च कोणत्या सदरात मांडायचा ते सांगावे.

ह्याच भूमीत दुसरी उदाहरणेही घडली होती. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेली स्मिता पाटील सावळ्या चेहऱ्याने दूरदर्शनवर बातम्या वाचू लागली, आणि 'जैत रे जैत'पासून 'उंबरठा'पर्यंत तिचा तो चेहराच प्रेक्षकांशी बोलत राहिला. 'आक्रोश'मधील लहान्या भिकूच्या भूमिकेत ओम पुरी बहुतेक काळ मूक आहे. व्रणांनी भरलेला त्याचा चेहरा साऱ्या चित्रपटाचा भार वाहतो. ती त्वचा घोटून गुळगुळीत केली असती तर त्या आदिवासीवरचा अन्यायच पडद्यावरून पुसला गेला असता. त्या काळचे व्यापारी चित्रपट तेव्हाही गुलाबी चेहऱ्यांवरच पोसले जात होते, हे खरे. पण पर्याय होता आणि तो लोकांनी पाहिला.

इतरांना दोष देताना समाजवाद्यांनी आपल्या घरातील कोळिष्टकेही पाहावीत. ट्रॉट्स्कीला छायाचित्रांतून कापून काढल्याची गोष्ट सर्वांना तोंडपाठ आहे. स्टालिनला लहानपणी देवी आल्या होत्या आणि त्याच्या चेहऱ्यावर त्यांचे व्रण होते. अधिकृत छायाचित्रांतून ते व्रण नेमाने पुसले जात, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. कामगारवर्गाच्या नावाने राज्य करणाऱ्याला कामगारांच्या मुलांना होणाऱ्या रोगाची खूण आपल्या गालावर नको होती! आजच्या महाराष्ट्रात कोणत्याही चौकात मान वर करून पाहावे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, भावी नगरसेवक, कार्यसम्राट, आणि खाली पासपोर्टच्या आकाराचे पंचवीस कार्यकर्ते. सारे एकाच साच्यातून काढल्यासारखे गोरेगुलाबी, सुरकुतीहीन. साठी उलटलेला, आयुष्यभर उन्हात पदयात्रा केलेला पुढारी तेथे पस्तिशीचा दिसतो. ह्यात डावे, समाजवादी, आंबेडकरवादी म्हणवणारे मागे आहेत असे नाही. ज्या पक्षाच्या फलकावर हमालांच्या नेत्याची त्वचा चित्रपटातील नायकासारखी घोटलेली असते, त्याने सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलावे?

आणि हे घोटकाम आता फलक छापणाऱ्यापुरते राहिलेले नाही. खिशातल्या मोबाइलचा कॅमेराच चेहरा परस्पर नितळ करून देतो. २०१८ साली एका नव्या आयफोनवर लोकांनी हीच तक्रार केली आणि कंपनीला आज्ञावली दुरुस्त करावी लागली. २०२० साली गूगलने आपल्या फोनमध्ये ही सोय आपोआप चालू राहणार नाही असे जाहीर केले. पूर्वी मुलगी स्वतःची तुलना नटीशी करी. आज ती आरशातल्या स्वतःची तुलना फोनमधल्या स्वतःशी करते, आणि हरते.

यावर उपाय म्हणून छायाचित्राखाली 'सुधारित' असा शिक्का मारण्याची कल्पना पुढे येते. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून तसा कायदा आहे, मोडल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड आहे. पण तो मॉडेलची अंगकाठी बारीक वा जाड करण्यापुरता. त्वचेवरची खाडाखोड त्यातून सुटली आहे. जेथे प्रसाधनवाल्यांचा खरा धंदा, नेमके तेथेच दार उघडे! नॉर्वेने १ जुलै २०२२ पासून लागू केलेल्या तरतुदीत आकार, आकारमान आणि त्वचा ही तिन्ही घेतली आहेत. ते अधिक प्रामाणिक आहे. तरी शिक्क्याने फार काही साधेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विडीच्या बंडलावरही इशारा असतोच. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन 'व्होग'मध्ये गेस कंपनीची जी जाहिरात छापून आली, तिच्यातील तरुणी मुळात अस्तित्वातच नव्हती; कृत्रिम बुद्धिमत्तेने तिला घडवले होते आणि बारीक अक्षरांत तसे लिहिलेही होते. सुधारायला चेहराच नाही, म्हणजे मॉडेल नको, छायाचित्रकार नको, आणि ढाक्याचा तो रात्रपाळीचा मुलगाही नको.

भारतात जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि माध्यमे यांनी मिळून १९८५ साली स्थापलेली एक परिषद आहे. सावळ्या माणसाला दुःखी वा अनाकर्षक दाखवू नये, असे तिने २०१४ साली नियमात लिहिले. कुंपणालाच शेत राखावयास सांगण्याची ही व्यवस्था. तिच्यावर विसंबून न राहता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हाती घ्यावयास हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्यात पहिल्या खेपेस दहा लाख आणि पुढे पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या तारकांनाही तो लागू आहे. दिल्लीतील एका ग्राहकाने २०१३ साली पुरुषांसाठीची गोरेपणाची क्रीम ७९ रुपयांना घेतली, फरक पडला नाही म्हणून तक्रार केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथील ग्राहक मंचाने इमामी कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड ठोठावला. एकट्या माणसाला अकरा वर्षे लागली. पक्षाच्या शाखांनी, महिला आघाड्यांनी आणि ग्राहक पंचायतींनी एकाच महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा तक्रारी गुदरल्या, प्रत्येक तक्रारीत 'जाहिरातीतील चेहऱ्याचे मूळ, न सुधारलेले छायाचित्र सादर करा' ही एकच मागणी ठेवली, तर कंपन्यांच्या वकिलांना करारातील गुप्ततेची कलमे चव्हाट्यावर मांडावी लागतील. ही तक्रार लिहून देण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. कायद्याने ती जिल्हाधिकाऱ्याकडेही स्वीकारली जाते.